हायब्रिडचं दुखणं-खुपणं : वाचकांचे प्रश्न

या वेळी फक्त हायब्रिड सायकलींचे प्रश्न घेतले आहेत. रस्त्यावरची शर्यती सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली ही जात. त्यामुळे तिला कुठल्या तरी एका बाजूला ओढण्याचा मोह बहुतेकांना होतोच. पुढच्या बऱ्याच उत्तरांत आम्ही त्या मोहाच्या आड आलेलो दिसू. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी टायर, ब्रेकचे पॅड, केबल आणि सीट, गिअर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग) त्यानंतर, तेही गरज पटली तर.

प्रश्न : माझ्या ३×८ (पुढे तीन, मागे आठ चकत्या) गिअरच्या सायकलची चेन जोर दिला की घसरायची. म्हणून नवी चेन टाकली, तर आता ती जास्तच घसरते. चेन सदोष निघाली का?

चेन चांगली आहे, मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, झिजली आहे. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांसोबत झिजत जातात, म्हणून बरेच दिवस त्यांचं जमतं. नव्या चेनचे सांधे मात्र मूळ मापाचे असतात. झिजून पसरट झालेल्या दात्यांत तिचे रोलर नीट बसत नाहीत आणि जोर आला की दात्यावर चढून पुढे उडी मारतात.

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण तिच्या पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि ती ज्यात फिरते ते छिद्र घासून किंचित सैल होतं. अशा शंभरावर सांध्यांचा सैलपणा एकत्र झाला की चेन लांबलेली दिसते. हे मोजायला वेगळं हत्यारही लागत नाही. पोलादी मोजपट्टी घ्या, चेन ताणात असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी चेन बरोबर ३०४.८ मिमी भरते. ३०६.३ मिमी म्हणजे अर्धा टक्का झीज आणि ३०७.१ मिमी म्हणजे पाऊण टक्का. मागे ८, ९ किंवा १० गिअर असलेल्या चेनला पाऊण टक्क्यावर निरोप द्यावा, ११ आणि १२ गिअरच्या चेनला अर्ध्या टक्क्यावरच. पट्टीवर इतका बारीक फरक वाचणं अवघड जातं, म्हणून चेन तपासायचा पत्र्याचा गेज घेतलात तर उत्तम. वेळेवर चेन बदलत राहिलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात. ३०७.८ मिमीपर्यंत, म्हणजे एक टक्क्यापर्यंत थांबलात तर चेनसोबत कॅसेटही गेली असंच समजा.

कॅसेट विकत घेण्याआधी एक खातरजमा करा. घसरणं दोन-तीन चकत्यांवरच होतं का? तसं असेल तर त्याच तुम्ही रोज वापरता त्या चकत्या असणार, आणि निदान पक्कं. पण सगळ्याच गिअरवर ठरावीक अंतराने एक झटका बसत असेल, पुढच्या ३८ दात्यांच्या चकतीवर साधारण तीन पॅडलफेऱ्यांमागे एक, तर कॅसेटला हात लावू नका. तो चेनमधला एखादा आखडलेला सांधा असतो, बहुधा जिथे चेन जोडली तिथलाच. पॅडल हळूहळू उलटं फिरवून मागच्या डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राच्या) छोट्या चकत्यांकडे बघत राहा. आखडलेला सांधा तिथून जाताना टुणकन उडी मारतो. दोन्ही हातांनी धरून तो आडवा, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, दोन-चारदा वाकवला की मोकळा होतो.

प्रश्न : चेनला दर आठवड्याला इंजिन ऑइल घालतो, तरी ती काळीकुट्ट होते आणि करकरते. तेल कमी पडतंय का?

कमी नाही, जास्त पडतंय आणि नको तिथे पडतंय. तेल हवं असतं रोलरच्या आत, पिनेपाशी. बाहेरून राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, आणि तेल-धुळीचा तो लेप कानसासारखं काम करतो. इंजिन ऑइल दाटही असतं. ते आत शिरण्याऐवजी वरच बसतं.

आधी चेन धुऊन घ्या. रॉकेल किंवा डिग्रीझर जुन्या ब्रशला लावून चारही बाजूंनी घासा, साबणाच्या पाण्याने काढून टाका, फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर घातलेलं तेल आत जात नाही. मग सायकलच्या चेनचं तेल घ्या आणि खालच्या धावेवर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका. पॅडल वीस-तीस फेऱ्या उलटं फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. त्यानंतरची पायरीच लोक गाळतात: कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल फिरवत राहा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हात लावल्यावर बोटाला जेमतेम डाग पडावा.

धुळीच्या रस्त्याला मेणयुक्त, वाळून कोरडं होणारं तेल बरं. पावसात ते टिकत नाही, तिथे दाट 'वेट' तेल लागतं. गंज सोडवायचे पातळ स्प्रे चेनला तेल म्हणून मारू नका. ते आतलं उरलंसुरलं वंगण धुऊन काढतात आणि स्वतः उडून जातात.

प्रश्न : सायकल उजव्या कुशीवर पडल्यापासून गिअर बसत नाहीत. स्क्रू पिळून पाहिले, अजूनच बिघडलं.

स्क्रू पिळायच्या आधी मागे उभं राहून बघायला हवं होतं. डिरेलर ज्या छोट्या कानावर लटकतो तो 'हँगर' मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. मागून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या आणि वरची कॅसेटची चकती एका उभ्या रेषेत हव्यात. खालचं टोक आऱ्यांकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकला आहे, आणि तो सरळ होईपर्यंत कुठलाही स्क्रू उपयोगाचा नाही. सरळ करायला लांब दांड्याचं खास हत्यार लागतं, ते काम दुकानावर सोपवा. बऱ्याच फ्रेमना हँगर सुटा निघतो. त्याचे आकार शेकड्याने असल्यामुळे आपल्या फ्रेमचा नेमका जोड मिळवून एक सुटा हँगर हत्यारांच्या पिशवीत ठेवावा. वाकलेल्या हँगरने सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकलात तर डिरेलर आऱ्यांत अडकू शकतो. मग आऱ्या, डिरेलर आणि कधी कधी फ्रेमचा कानही जातो.

हँगर सरळ झाला की क्रम असा धरा. पहिल्यांदा सर्वांत लहान चकतीवर या आणि केबल सोडून टाका. 'एच' लिहिलेल्या स्क्रूने डिरेलरची वरची छोटी चकती त्या लहान चकतीच्या बरोबर खाली आणा. केबल हाताने ओढून घट्ट करा आणि बोल्ट आवळा. आता पॅडल फिरवत एक क्लिक द्या. चेन वर चढायला कचरत असेल तर केबल सैल आहे. डिरेलरपाशी जिथे केबल शिरते तिथला बॅरल, म्हणजे हाताने फिरणारी छोटी नळी, घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेरीच, फिरवा. चढताना पटकन चढते पण उतरताना अडते, तर तो सुलट फिरवा. शेवटी सर्वांत मोठ्या चकतीवर जाऊन 'एल' स्क्रू इतका आवळा की चेन चढते पण आऱ्यांकडे जात नाही. वरची छोटी चकती आणि कॅसेटची मोठी चकती यांच्यात ५-६ मिमी फट हवी. ती तिसऱ्या, 'बी' स्क्रूने ठरते.

बॅरल कितीही फिरवला तरी चढणं सुधारलं की उतरणं बिघडतं आणि उतरणं सुधारलं की चढणं, असं होत असेल तर केबल आत घासते आहे. आतली केबल आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला. गिअरचं आवरण ४ मिमीचं असतं आणि त्यात तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकचं ५ मिमीचं, गुंडाळलेल्या तारेचं. गिअरचं आवरण ब्रेकला कधीही वापरू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं.

प्रश्न : सायकल हलकी पळावी म्हणून ७००×४० टायर काढून २८ मिमीचे टाकावेत का? की 'स्लिक', म्हणजे गुळगुळीत, घ्यावेत?

टायर बदला, पण रुंदी इतकी कमी करू नका. जड वाटतं ते रुंदीमुळे कमी आणि खोबणीदार रबर, जाड कुशी आणि कमी हवा यांमुळे जास्त. गुळगुळीत, पातळ कुशीचा ३५ ते ४० मिमीचा टायर खडबडीत रस्त्यावर अरुंद टायरपेक्षा बहुधा सोपाच पळतो. अरुंद टायर प्रत्येक खड्ड्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो आणि ती सगळी शक्ती वाया जाते. रुंद टायर तो खड्डा स्वतःत जिरवतो. शिवाय ४० वरून २८ वर आलात की टायरची उंची साधारण १२ मिमीने घटते. सायकल तितकी खाली बसते आणि वळणावर पॅडल जमिनीला लागायची शक्यता वाढते.

खरेदीच्या वेळी '७००' किंवा '२८ इंची' या शब्दांवर विसंबू नका. टायरच्या कुशीवरचा ४०-६२२ असा आकडा वाचा: पहिला रुंदी, दुसरा रिमच्या कडेचा व्यास, मिमीमध्ये. हायब्रिडला ६२२ लागतो. डोंगरी सायकलीचा '२९ इंची' टायरही ६२२चाच असतो. पण जुन्या उंच सायकलींचा २८×१½ हा ६३५चा असतो आणि तो तुमच्या रिमवर बसणार नाही. रुंद टायर घेणार असाल तर फ्रेम आणि फोर्कशी दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी फट उरते का ते पाहा. मडगार्ड असेल तर तोही टायरहून ८-१० मिमी रुंद हवा.

हवेबद्दल: कुशीवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. ७०-७५ किलोच्या स्वाराला ४० मिमी टायरसाठी मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयपासून सुरुवात करावी, ३२ मिमीसाठी मागे ७० आणि पुढे ६०. वजन दहा किलो वाढलं की चार-पाच पीएसआय वाढवा. खड्ड्यावर रिम टेकल्याचा 'ठक' आवाज आला तर हवा कमी. रस्त्याचा प्रत्येक कण हातात जाणवला तर जास्त. ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते, म्हणून दाब आठवड्यातून एकदा तपासावा, अंगठ्याने नव्हे, गेज असलेल्या पंपाने.

पंक्चर वारंवार होत असेल तर ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवर नेमका कुठे होता हे लक्षात ठेवा. मग ट्यूबमधलं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते कळतं आणि अडकलेला काटा किंवा तारेचा तुकडा सापडतो. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती. भोक रिमच्या बाजूला असेल तर दोषी आहे रिमची पट्टी, रस्ता नव्हे.

प्रश्न : पुढचे तीन गिअर काढून एकच चकती ठेवायची आहे. सगळे म्हणतात सोपं होतं. चढावर त्रास होईल का?

आकडे मांडले की उत्तर आपोआप येतं. तुमच्यासारख्या सायकलीत बहुधा पुढे ४८-३८-२८ आणि मागे ११-३२ असतात. सर्वांत हलका गिअर २८/३२. ७००×३८ टायरचा घेर साधारण २.१८ मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल १.९१ मीटर पुढे जाते. आता पुढे एकच ३८ आणि मागे ११-४२ अशी लोकप्रिय जोडी घ्या: सर्वांत हलका गिअर १.९७ मीटरचा. म्हणजे एवढा खर्च करून चढ थोडा अवघडच झाला! पुढे ३४ घेतलात तर १.७६ मीटर होतील, पण मग सर्वांत जड गिअरमध्ये मिनिटाला ८० फेऱ्या मारून वेग ३२ किमीवरच थांबेल. तीन चकत्यांत ४८/११ वर त्याच फेऱ्यांना साधारण ४६ किमी मिळतो. उतारावर ४६ने कोण जातं, असं म्हणाल तर ते मान्य. बहुतेक हायब्रिड स्वारांना तो गिअर लागतच नाही.

खरी अडचण सुट्या भागांची आहे. स्वस्त तिहेरी क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या संचाच्या) चकत्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात, त्या सुटत नाहीत. म्हणजे क्रँकच नवा. चेन पडू नये म्हणून एक आड एक जाड-बारीक दात्यांची चकती हवी. ४२ दात्यांची कॅसेट पेलणारा क्लच असलेला डिरेलर, त्याच्या जोडीचा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि नवी चेन हवी. आणि मागे कॅसेट आहे की जुन्या पद्धतीची आट्यांवर बसणारी फ्रीव्हील, हे आधी बघा. चाक काढून दाते उलटे फिरवा: पाना बसण्यासाठी खाचा असलेली आतली कडी दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागीच राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघाली तर मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तेही बदलावं लागेल. तिथे आम्ही हा बेत सोडून द्यायला सांगू.

फक्त चढ हलका करायचा असेल तर ११-३४ कॅसेट आणि नवी चेन एवढंच बदला. २८/३४ म्हणजे १.८० मीटर. डिरेलरला ते झेपतं का ते असं बघा: पुढच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक २०, मागचा २३, मिळून ४३ दाते. लांब पिंजऱ्याचे (छोट्या चकत्या धरणारा दांडा लांब असलेले) अनेक आठ गिअरचे डिरेलर नेमके इतकेच घेतात आणि ३४ची चकतीही सांभाळतात. आपल्या मॉडेलचा तक्ता मात्र तपासा. नवी चेन कापताना ती पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न नेता, गुंडाळा. टोकं जिथे भेटतात त्यापुढे दोन सांधे जास्त ठेवून कापा. छोटी चेन डिरेलर उपटून काढते, हे सतत डोक्यात असू द्या. तिसरी, लहान चकती वापरायचीच नसेल तर ती तशीच राहू द्या, काही खात नाही.

प्रश्न : डिस्क ब्रेक किंचाळतात आणि पकडही कमी झाली आहे. पॅड अजून जाड आहेत.

पॅडला तेल लागलं आहे. चेनला मारलेला स्प्रे, फर्निचरच्या पॉलिशचा तुषार, किंवा डिस्कला लागलेला हाताचा चिकटपणा, एवढंही पुरतं. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ फडक्याने पुसा. पॅड वरवर लागले असतील तर बारीक सँडपेपरवर सपाट घासून पाहा. पण सेंद्रिय पॅड तेल शोषून घेतात, आणि एकदा शोषलं की ते परत येत नाहीत. तापवून, जाळून तेल काढायचे उपाय लोक सांगतात. पॅडची किंमत आणि ब्रेकचं काम यांचा मेळ घातला तर नवे पॅड टाकणंच शहाणपणाचं.

नवे पॅड बसवले की त्यांना रुळवावं लागतं, नाहीतर तेही ओरडतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर साधारण २० किमीच्या वेगावरून एकच ब्रेक घट्ट दाबून चालण्याइतक्या वेगावर या, चाक लॉक न करता, पूर्ण न थांबता. हे पुढच्या ब्रेकने पंधरा-वीस वेळा, मग मागच्याने. पॅडमधला मसाला अर्धा मिमी उरला की बदला. शिमानोच्या नव्या डिस्कची जाडी १.८ मिमी असते, ती १.५ वर आली की तीही काढायची.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरताना मास्टरवर, म्हणजे लिव्हरपाशी असलेल्या तेलाच्या टाकीवर, लिहिलेलंच वापरा. शिमानो आणि टेक्ट्रोमध्ये खनिज तेल असतं. मोटारीत वापरतात ते डॉट ब्रेक-ऑइल त्यात गेलं तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक संपतो. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. दाबला गेलाच तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत शिरत नाही. चाक काढल्यावर फटीत पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली की चिंता नाही.

व्ही-ब्रेकवाल्यांसाठी (रिमला दोन बाजूंनी दाबणारे ब्रेक) थोडक्यात: पॅड टायरला न लागता रिमच्या वरच्या कडेपासून मिमीभर खाली यावा, आणि किंचाळत असेल तर पॅडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा-एक मिमी रिमच्या जवळ ठेवावं. एकच बाजू घासत असेल तर ब्रेकच्या त्या बाजूच्या हाताच्या बुडाशी असलेला छोटा स्क्रू आत आवळा.

प्रश्न : तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. उतरल्यावर गुडघ्याच्या पुढे दुखतं.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच: सीट खाली आहे, आणि ती पुढे झुकलेली आहे. सपाट तळवा जमिनीला टेकतो म्हणून सीट खाली ठेवायची सवय बहुतेकांना असते. मग पॅडल वर येताना गुडघा फार वाकतो आणि पुढचा भाग दुखतो. मागच्या बाजूला दुखत असतं तर सीट उंच आहे असं म्हटलं असतं.

अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, दोन पायांमध्ये जाड पुस्तक सीटइतक्या जोराने वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी आलं तर ७०.६ सेंमी: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या दिशेने सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. ताळा म्हणून टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला न्या. पाय जवळपास सरळ व्हावा, कंबर न डुलता. एकदम तीन सेंमी वाढवू नका, आठवड्याला अर्धा-एक सेंमी पुरे. सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

आता सीट पाणसळ ठेवून आडवी करा. नाक खाली झुकलं असेल तर शरीर सतत पुढे घसरतं आणि ते थोपवायचं ओझं तळहातावर येतं. करंगळीकडे जाणारी शीर तिथेच दबते. ब्रेकचे लिव्हर इतके खाली वळवा की बोटं त्यावर ठेवताना मनगट सरळ राहील. तरी बधिरपणा राहिला तर तळहाताला बाहेरून टेकू देणारी पंखवाली ग्रिप लावा. हँडलच्या टोकांना छोटी शिंगं, म्हणजे बार-एंड, लावली की हात ठेवायला दुसरी जागा मिळते. लांबच्या रपेटीत तीच खरी सुटका. आणि दहा मिनिटांत एकदा हात हलवायला विसरू नका.

प्रश्न : हँडल शर्यती सायकलीसारखं वळणदार करता येईल का?

येईल, पण करू नका. हायब्रिडची फ्रेम सरळ हँडलसाठी लांब केलेली असते. वळणदार हँडलवर हात आणखी पुढे जातात आणि सायकल अंगाला मोठी होते. शिवाय शर्यती लिव्हर व्ही-ब्रेकला पुरेशी केबल ओढत नाहीत आणि शिफ्टर बहुधा तुमच्या डिरेलरशी जुळत नाहीत. वरच्या उत्तरातले बार-एंड लावून बघा.

प्रश्न : पुढचा स्प्रिंगचा फोर्क खुळखुळतो. त्याजागी साधा फोर्क बसवता येतो का?

हा मात्र हायब्रिडचा आमच्या मते सर्वांत चांगला मोठा बदल. सुरुवातीच्या किमतीतल्या सायकलींवरचे स्प्रिंग फोर्क दोन-सव्वादोन किलो आणि त्याहून जड असतात, आत शिरलेलं पाणी-धूळ त्यांना लवकर कुरकुरायला लावतं. साधा अ‍ॅल्युमिनियम किंवा पोलादी फोर्क किलोभर वजन सहज वाचवतो आणि त्याला देखभाल म्हणून जवळजवळ काही लागत नाही. रस्त्याचे धक्के ४० मिमीचा टायर जिरवतो.

माप मात्र चुकवू नका. चाकाच्या आसाच्या मध्यापासून फोर्कचा माथा फ्रेमला टेकतो तिथपर्यंतची लांबी मोजा, तीही तुम्ही सायकलवर बसलेले असताना, कारण स्प्रिंग तुमच्या वजनाने १०-१५ मिमी दबलेली असते. नवा फोर्क त्या दबलेल्या लांबीच्या जवळपासचा हवा. २० मिमीने आखूड निघाला तर पुढचा कोन साधारण एक अंशाने ताठ होतो आणि हँडल चंचल वाटतं. फोर्कच्या वरच्या नळीचा व्यास, डिस्क किंवा व्ही-ब्रेक बसण्याची जागा आणि आसाचा प्रकार जुळतोय ना हे बघा. नळी कापताना जुन्या फोर्कची लांबी मोजून घ्या आणि पाच मिमी जास्तच ठेवा. वर रिंगा टाकता येतात, कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.

प्रश्न : प्रत्येक पॅडलफेरीला खालून 'करकर' येते. बेअरिंग गेलं का?

बेअरिंगवर आळ घेण्याआधी स्वस्त संशयित तपासा. उभं राहून पॅडल मारा: आवाज थांबला तर तो सीटपोस्टचा किंवा सीटच्या रुळांचा. पोस्ट बाहेर काढून पुसा, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला पातळ ग्रीस लावून परत बसवा. नाही थांबला तर दोन्ही पॅडल काढा, आटे पुसून ग्रीस लावा. लक्षात असू द्या, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं.

मग क्रँकचे दोन्ही दांडे हातात धरून फ्रेमच्या दिशेने आणि बाहेर हलवा. एकच दांडा हलला तर त्याचा बोल्ट सैल आहे, आणि त्याच दिवशी आवळा. चौकोनी आसावरचे दांडे ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात, म्हणजे लांब दांडक्याच्या पान्याने चांगला जोर लावून. सैल दांड्यावर सायकल चालवत राहिलात तर पोलादी आस अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल करतो. तो दांडा नंतर कधीच घट्ट राहत नाही. दोन्ही दांडे मिळून एकत्र हलत असतील तर मात्र बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचं बेअरिंग, संपला.

प्रश्न : कॅरिअरवर सामान नेतो. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या आऱ्या चारदा तुटल्या. जाड आऱ्या टाकाव्यात का?

मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायला उजव्या आऱ्या उभ्या बसतात, म्हणून त्यांच्यावर ताण डावीपेक्षा जास्त असतो. पण आरी जास्त ताणाने क्वचित तुटते, सैल असण्यानेच बहुधा तुटते. प्रत्येक फेरीत चाकाच्या तळाशी ती ढिली होते, वर आली की पुन्हा ताणली जाते, आणि तार वाकवल्यासारखी हबपाशी, वळणावर थकून तुटते. चारदा तुटल्या म्हणजे उरलेल्यांचाही थकवा तितकाच झाला आहे. एकेक बदलत बसण्यापेक्षा हब आणि रिम चांगले असतील तर सगळ्या आऱ्या नव्या टाकून चाक पुन्हा बांधून घ्या, आणि बांधणाऱ्याला ताण मापकाने मोजायला सांगा. २ मिमीच्या साध्या आऱ्या पुरतात.

तोवर रस्त्यात एखादी तुटलीच तर तिचं टोक शेजारच्या आरीला गुंडाळा, व्ही-ब्रेक असेल तर तो मोकळा करा आणि सामान कमी करून हळू या. उजवी आरी बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून लांबच्या प्रवासात कॅसेटचा पाना आणि चेन-व्हिप (कॅसेट फिरू नये म्हणून धरायचं चेनचं हत्यार) सोबत असू द्या, आणि योग्य लांबीच्या दोन-तीन आऱ्या फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवून. चाकाचा आऊट (डुलणं) काढताना निपल (आरीच्या रिमकडच्या टोकावरचा नट) एका वेळी पाव फेरीच फिरवा. टायरच्या बाजूने बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने आवळतं. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या जागेच्या डाव्या आऱ्या आवळा, उजव्या सैल करा. सामान दोन्ही बाजूंना समान आणि खाली, १०-१२ किलोच्या आत ठेवलंत तर चाकावरचा भार बराच कमी होतो.